नवव्या आणि दहाव्या प्रकरणांच्या मध्ये

अलेक्सी द तोकव्हील ह्या फ्रेंच लेखकाचा ‘अमेरिकेतील लोकशाही’ हा द्विखंडात्मक ग्रंथ आपल्याकडे बहुधा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडतो आणि परीक्षा आटोपली की मिटतो. कॅथलिक घरांतील पुस्तकांच्या फळीवर संतचरित्रे असतात, प्रार्थनापुस्तके असतात, क्वचित एखादी कादंबरीही असते. हा ग्रंथ मात्र आम्हांस तेथे कधी आढळला नाही. त्याचा आकार पाहून कोणीही बिचकावे, हे मान्य. तथापि संख्येने थोडा असलेला कॅथलिक समाज वेगळ्या पंथाच्या बहुसंख्यांच्या शेजारी, मतपेटीच्या राज्यात कसा राहतो ह्या प्रश्नाकडे इतक्या आस्थेने पाहणारा त्या काळातला दुसरा थोर ग्रंथ आमच्या वाचनात नाही. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. आम्हांस फ्रेंच अवगत नसल्याने ग्रंथ इंग्रजी अनुवादातून वाचला. शैलीविषयी आम्ही जे म्हणू ते वाचकांनी त्या बेतानेच घ्यावे.

लेखकाची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे, कारण ग्रंथातले पुष्कळसे त्याच्या घराण्याच्या स्मृतीतून आले आहे. तोकव्हील १८०५ साली पॅरिसमध्ये एका सरदार कॅथलिक घराण्यात जन्मला. त्याच्या आईचे आजोबा मालझेर्ब यांनी सोळाव्या लुई राजाचे वकीलपत्र घेतले होते; १७९४ साली त्यांचा शिरच्छेद झाला. आईवडीलही तुरुंगात होते आणि दैवयोगानेच वाचले. बाळपणी त्याला एका वृद्ध धर्मगुरूंनी शिकविले, आणि सोळाव्या वर्षी वडिलांच्या ग्रंथालयात वाचता वाचता त्याच्या श्रद्धेला तडा गेला. पुढे आयुष्यभर तो मंदिराच्या उंबरठ्यावर उभा राहून आत पाहणाऱ्या माणसासारखा राहिला. जमावाची भीती आणि धर्माची ओढ, ह्या दोन गोष्टी त्याच्या प्रत्येक पानावर जाणवतात. त्या दोहोंचे मूळ त्याच्या घरात आहे.

मित्र गुस्ताव्ह द बोमाँ याच्यासह तो मे १८३१ मध्ये अमेरिकेत उतरला आणि फेब्रुवारी १८३२ मध्ये परतला. सरकारी काम होते अमेरिकेतील नव्या धर्तीच्या तुरुंगांची पाहणी करणे. कैद्याला एकांतात ठेवले म्हणजे तो पश्चात्ताप करून सुधारेल, हा त्या काळच्या सुधारकांचा एक आवडता सिद्धांत होता. फिलाडेल्फियाच्या तुरुंगात तोकव्हील एकेका कैद्याच्या कोठडीत बसून त्याच्याशी बोलला. त्या पाहणीचा अहवाल १८३३ साली निघाला. आज तो कोण वाचतो? ज्या ग्रंथाने त्याचे नाव राहिले त्याचा पहिला खंड जानेवारी १८३५ मध्ये आणि दुसरा १८४० मध्ये प्रसिद्ध झाला.

ती अमेरिका कशी होती? चोवीस राज्यांचा संघ. अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष. मालमत्तेची अट एकामागून एका राज्यात सुटत जाऊन गोऱ्या पुरुषांना मताचा अधिकार मिळालेला, आणि त्या मतांच्या बळावर पश्चिमेकडील भूमीची भूक वाढत चाललेली. त्याच वेळी दारूबंदीच्या सभा भरत होत्या, रविवारच्या शाळा निघत होत्या, बोस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसनचे ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी पत्र जानेवारी १८३१ मध्ये सुरू झाले होते. भूमीची भूक आणि सदाचाराची भूक एकाच देहात वसत होती. ह्या दुहेरी भुकेचे वर्णन हाच तोकव्हीलच्या ग्रंथाचा खरा विषय आहे, असे आम्हांस वाटते.

पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागातील नवव्या प्रकरणात तो कॅथलिकांकडे वळतो. युरोपात तेव्हा कॅथलिक धर्म म्हणजे लोकशाहीचा जन्मजात वैरी, असा समज राजांच्या आणि क्रांतिकारकांच्या दोन्ही बाजूंना होता. तोकव्हील म्हणतो की अमेरिकेत त्याला नेमके उलट दिसले: तेथील कॅथलिक सर्वांत निष्ठेने धर्माचार पाळतात आणि तरीही सर्वांत अधिक लोकसत्तावादी आहेत. (त्यांची संख्या तो दहा लाखांहून अधिक सांगतो, आजचे अभ्यासक ती बरीच कमी मानतात. प्रवाशांच्या आकड्यांचे असेच असते.) ह्याची त्याने तीन कारणे दिली आहेत. पहिले धर्माच्या रचनेतले: धर्मगुरू वेगळा केला की वेदीपुढे सगळे सारखे, पंडिताला आणि अडाण्याला तेच धर्मसिद्धांत, श्रीमंताला आणि गरिबाला तेच उपवास. दुसरे कारण गरिबीचे: आयर्लंडमधून येणारे हे लोक बहुतेक दरिद्री, म्हणून सर्वांच्या हाती सत्ता असल्याविना त्यांच्या हाती ती येणे नाही. तिसरे संख्येचे: ते थोडे असल्याने स्वतःचे हक्क टिकायचे तर सर्वांचेच हक्क टिकले पाहिजेत, हे त्यांना कळते.

हे तिसरे कारण वाचताना आम्ही दर वेळी थांबतो. आपल्याकडच्या ख्रिस्ती समाजाने स्वतःविषयी हेच म्हणावे, आणि पुष्कळदा म्हटलेही आहे. आम्ही थोडे आहोत, म्हणून आम्हांला स्वातंत्र्याची किंमत कळते. ऐकायला किती समाधान वाटते! ते खरे आहे काय, हे पाहण्यासाठीच हा लेख आहे.

त्याआधी प्रकरणाचा दुसरा भाग. धर्म आणि राज्य वेगळे ठेवल्यामुळेच अमेरिकेत धर्माचे बळ वाढले, असे तोकव्हीलचे मत; आणि हे आपण मुख्यतः कॅथलिक धर्मगुरूंकडूनच ऐकले, असे तो आवर्जून सांगतो. कोणीही धर्मगुरू राज्यपद स्वीकारीत नाही, लोकमत ते खपवून घेत नाही, असेही त्याचे निरीक्षण आहे. येथे त्याने चित्र जरा अधिकच गुळगुळीत केले आहे. डेट्रॉइटमध्ये तो फादर गाब्रिएल रिशार यांना भेटला होता, आणि हे फादर रिशार १८२३ साली मिशिगन प्रदेशाचे प्रतिनिधी म्हणून चक्क अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले होते. सिद्धांताला अडचण करणारा साक्षीदार ग्रंथाबाहेर ठेवण्याची ही खोड पुढे अधिक महाग पडलेली आपण पाहू. फादर रिशार १८३२ च्या पटकीत रुग्णांची सेवा करीत वारले, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

तरीही मूळ विचाराचे धैर्य मान्य करावे लागते. तोकव्हील परतला त्याच वर्षी, ऑगस्ट १८३२ मध्ये, पोप ग्रेगरी सोळावे यांनी आपल्या परिपत्रकात राज्य आणि धर्म यांच्या फारकतीचा निषेध केला. बाल्टिमोर आणि डेट्रॉइटमधले साधे धर्मगुरू तोकव्हीलला जे सांगत होते त्याला जवळचे असे काही विश्वव्यापी ख्रिस्तसभेने अधिकृतपणे म्हणण्यास ७ डिसेंबर १९६५ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला, आणि त्याच्या घडणीत जॉन कोर्टनी मरी ह्या अमेरिकन जेज्वीटाचा मोठा वाटा होता. नवव्या प्रकरणाची ही बाजू काळाने खरी ठरविली.

दुसरी बाजू खोटी ठरायला मात्र ग्रंथ छापून होईपर्यंतही अवकाश नव्हता.

बोस्टनलगतच्या चार्ल्सटाउन येथे माउंट बेनेडिक्ट नावाच्या टेकडीवर ऊर्सुलाईन धर्मभगिनींचा मठ आणि मुलींची शाळा होती. शाळेतील बहुसंख्य मुली सधन प्रॉटेस्टंट घरांतल्या. शिक्षण उत्तम म्हणून आईबाप पाठवीत. आसपासचे विटभट्टीवरचे गरीब प्रॉटेस्टंट कामगार आयरिशांशी मजुरीसाठी झगडत होते, आणि टेकडीवरचा तो देखणा मठ त्यांच्या डोळ्यांत सलत होता. १८३४ च्या जुलैअखेर आजारपणाने मन बिघडलेली एक भगिनी मठातून बाहेर पडली आणि मग स्वखुशीने परत आली. तिला कोंडून ठेवले आहे, अशी आवई उठली. ११ ऑगस्टच्या रात्री जमाव मशाली घेऊन चढला. दहाबारा धर्मभगिनी आणि सुमारे पन्नास मुली मागच्या बागेतून जीव घेऊन पळाल्या. जमावाने मठ लुटला, जाळला, भगिनींची थडगीसुद्धा उघडली. बंब आले, आणि बंबवाले पाहत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बोस्टनच्या प्रतिष्ठित प्रॉटेस्टंट नागरिकांनी सभा भरवून तीव्र निषेध केला, हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे; बिशप फेनविक यांनी चवताळलेल्या आयरिशांना सूड घेण्यापासून रोखले, हेही. खटला झाला. तेरा जणांपैकी एकट्या एका पोरसवदा आरोपीला शिक्षा झाली आणि तीही पुढे माफ झाली. नुकसानभरपाईचा ठराव राज्याच्या विधिमंडळापुढे वर्षानुवर्षे येत राहिला आणि वर्षानुवर्षे फेटाळला गेला.

पहिला खंड तेव्हा पॅरिसमध्ये पुरा होत आला होता. त्यात हे नाही म्हणून लेखकाला दोष देता येणार नाही. परंतु दुसरा खंड १८४० सालचा आहे. त्यात अमेरिकेतील कॅथलिक धर्माच्या प्रगतीवर एक छोटेसे प्रकरण आहे, आणि पुढील पिढ्या एक तर ख्रिस्ती धर्म सोडतील किंवा रोमच्या ख्रिस्तसभेत येतील असे भाकीतही आहे. चार्ल्सटाउनच्या आगीचा मात्र त्यात उल्लेख नाही. चमत्कार असा की ह्या आगीचे अचूक स्पष्टीकरण तोकव्हीलने स्वतःच आधी लिहून ठेवले होते. पहिल्या खंडातील बहुमताच्या जुलमावरचे सातवे प्रकरण पाहावे. अन्याय झालेल्या माणसाने कोणाकडे जावे, असा प्रश्न करून तो एकेक दार ठोठावतो: लोकमत म्हणजे बहुमत, विधिमंडळ म्हणजे बहुमत, पोलीस म्हणजे शस्त्र घेतलेले बहुमत, ज्यूरी म्हणजे निवाडा देणारे बहुमत. मठाच्या खटल्यात ह्यातले प्रत्येक दार बंद निघाले. सातव्या प्रकरणाचा कर्ता नवव्या प्रकरणाच्या कर्त्याला भेटलाच नाही की काय, असे मनात येते.

आता ह्या आगीमागच्या माणसांकडे पाहू. कारण ती दुष्ट म्हणून बाजूला टाकण्याजोगी नव्हती. आदल्या दिवशी, रविवारी, बोस्टनमध्ये रोमविरुद्ध प्रवचने झाली. प्रवचनकार होते लायमन बीचर, दारूबंदीच्या चळवळीचे एक थोर पुढारी. जमावातल्या कितीजणांनी ती ऐकली असतील ते सोडा. १८३५ साली त्यांनी ती ‘पश्चिमेसाठी विनंती’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केली. पुस्तकाचे म्हणणे असे की राष्ट्राचे भवितव्य पश्चिमेच्या नव्या प्रदेशात ठरणार. युरोपातले राजे आणि पोप तेथे कॅथलिक निर्वासितांचे लोंढे पाठवून प्रजासत्ताक बुडवू पाहत आहेत. म्हणून तेथे प्रॉटेस्टंट शाळा काढा. राष्ट्रविस्तार, शिक्षणसुधारणा आणि शेजाऱ्याचा द्वेष हे तिन्ही एका वाक्यरचनेत बसविण्याचे कसब त्या गृहस्थांपाशी होते. त्यांचीच कन्या कॅथरिन हिने १८२९ साली मूळ रहिवाशांच्या हकालपट्टीविरुद्ध अमेरिकन स्त्रियांना अर्ज करण्याचे आवाहन केले. धाकटी कन्या हॅरिएट हिने पुढे १८५२ साली ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिले. सुधारणेचा दिवा आणि मठाची मशाल एकाच घराच्या तेलावर जळत होते, आणि त्या घराला त्यात विसंगती दिसत नव्हती.

१८३६ साली मारिया मंक हिच्या नावावर माँट्रियलच्या मठातील कथित अनाचारांचे पुस्तक निघाले त्याविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. न्यूयॉर्कचे एक प्रॉटेस्टंट संपादक विल्यम स्टोन यांनी स्वतः त्या मठात जाऊन खोलीन् खोली पाहिली आणि पुस्तक खोटे असल्याचे जाहीर केले. पुस्तक खपतच राहिले. असो.

येथवरचे वाचून आमच्या वाचकांच्या मनात आपल्या अमेरिकन धर्मबंधूंविषयी कणव दाटली असेल, आणि ती योग्यच आहे. आता दहावे प्रकरण उघडावे.

हे पहिल्या खंडाचे अखेरचे आणि सर्वांत दीर्घ प्रकरण. विषय आहे अमेरिकेच्या भूमीवरील तीन वंश: गोरे, काळे आणि मूळ रहिवासी. १८३० च्या मे महिन्यात अध्यक्ष जॅक्सन यांनी हकालपट्टीच्या कायद्यावर सही केली होती. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील जमातींनी आपली भूमी देऊन नदीपलीकडे जावे, असा त्याचा आशय. करार म्हणून जे झाले ते कसे झाले, हे तोकव्हील थंडपणे उलगडून दाखवितो. आणि मग तो स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो, ज्याला तोड आम्हांस साऱ्या ग्रंथात आढळली नाही.

१८३१ च्या डिसेंबरअखेर तो मेम्फिस येथे आगबोटीसाठी अडकला होता. हिवाळा विलक्षण कडक. जमिनीवर बर्फ गोठलेले, नदीतून हिमाचे प्रचंड तुकडे वाहत होते. तेथे चॉक्टॉ जमातीची एक टोळी नदी ओलांडण्यासाठी आली. बरोबर जखमी, आजारी, नुकतीच जन्मलेली बाळे, मरणाच्या दारी टेकलेले म्हातारे. तंबू नाहीत, गाड्या नाहीत. ती माणसे बोटीत चढली तेव्हा त्या एवढ्या समुदायात ना हुंदका ऐकू आला, ना तक्रार. त्यांची कुत्री काठावर राहिली होती. धनी कायमचे निघाले हे कळताच ती एकदम भेसूर ओरडली आणि त्या गोठत्या पाण्यात उड्या टाकून बोटीमागे पोहू लागली.

प्रसंग इतकाच. लेखक त्यावर अश्रू ढाळीत नाही, विशेषणांचा मारा करीत नाही. माणसांचे मौन आणि जनावरांचा आक्रोश, एवढ्या दोन गोष्टी शेजारी ठेवून तो पुढे जातो. त्यानंतर येतो तो उपरोध. स्पॅनिश लोकांना अघोरी क्रौर्य करूनही जे साधले नाही ते अमेरिकनांनी किती शांतपणे, किती कायदेशीरपणे, मानवतेची एकही पाठ्यपुस्तकी आज्ञा न मोडता साधले, अशा आशयाची ती ओळ आहे. स्पॅनिशांविषयीच्या ह्या तुलनेने कॅथलिक वाचकाने सुखावून जाऊ नये. तोकव्हील त्यांची बाजू घेत नसून त्यांना केवळ मोजपट्टी म्हणून वापरीत आहे.

आता आमचा आक्षेप. हा लेखक जे पाहतो ते अंतःकरण पिळवटून पाहतो, परंतु पाहून झाल्यावर ते अटळ होते असे ठरवून टाकतो. मूळ रहिवाशांचा नाश विधिलिखित. कोणी काही करू शकले नसते. हे खरे नव्हते. हकालपट्टीचा कायदा प्रतिनिधिगृहात चार-पाच मतांच्या फरकाने संमत झाला होता. देशभरातून त्याविरुद्ध अर्ज आले होते. आणि येथे मराठी ख्रिस्ती वाचकाला ओळखीचे वाटेल असे एक नाव येते. बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस पोहोचले, ज्याच्या मुंबईतील मिशनने १८२६ साली मराठी नवा करार छापला, त्याच बोर्डाचे मिशनरी जॉर्जियात चेरोकी लोकांतही काम करीत होते. बोर्डाचे चिटणीस जेरेमाया एव्हार्ट्स यांच्या कचेरीत मुंबईची आणि चेरोकी प्रदेशाची पत्रे एकाच टपालात येत. ह्या एव्हार्ट्स यांनी १८२९ साली हकालपट्टीविरुद्ध लेखमाला लिहून देश ढवळून काढला. त्यांचा मिशनरी सॅम्युएल वूस्टर चेरोकींची बाजू सोडण्यापेक्षा सक्तमजुरी पत्करून जॉर्जियाच्या तुरुंगात गेला. मार्च १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि तो निर्णय अंमलात आला नाही. १८३८-३९ च्या सक्तीच्या प्रवासात सुमारे चार हजार चेरोकी मेले असा सर्वसाधारण अंदाज आहे. चळवळ हरली हे खरे, पण जी गोष्ट चार-पाच मतांनी ठरते तिला नियती म्हणणे ही इतिहासकाराची सोय होय. (त्याच बोर्डाच्या सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या, तेव्हाच्या अहमदनगरातील त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामीविरोधी सज्जनांना अर्पण केली. धागे असे लांबवर जातात.)

नियतीच्या ह्या सोयीने लेखकाला पुढे कोठे नेले, तेही सांगितले पाहिजे. १८४१ साली अल्जीरियावर लिहिताना ह्याच तोकव्हीलने फ्रेंच सैन्याने पिके जाळणे, कोठारे रिकामी करणे, निःशस्त्र लोकांना धरणे ह्यांचे दुर्दैवी पण आवश्यक म्हणून समर्थन केले. मेम्फिसच्या काठावरचा माणूस दहा वर्षांत एवढ्या अंतरावर गेला.

परंतु आमच्या समाजाच्या दृष्टीने अधिक बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. नवव्या प्रकरणात कॅथलिक आहेत. दहाव्यात गुलाम आहेत. गुलाम बाळगणारे कॅथलिक ह्या दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत नाहीसे झाले आहेत.

तोकव्हीलला ते माहीत नव्हते असे नाही. नोव्हेंबर १८३१ मध्ये तो मेरीलँडमध्ये चार्ल्स कॅरल यांना भेटला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी हयात असलेले हे एकटे, वय चौऱ्याण्णव, आणि सही करणाऱ्यांत एकमेव कॅथलिक. तरुणपणी, कॅथलिक म्हणून, कॅरल यांना स्वतःच्या वसाहतीत मत देण्याचाही अधिकार नव्हता. तोकव्हीलच्या तिसऱ्या कारणाला ह्याहून चांगले उदाहरण कोठून मिळावे? ज्याचे हक्क हिरावले गेले त्याने सर्वांच्या हक्कांसाठी सही केली! आणि त्या सहीच्या मालकाच्या जमिनीवर शेकडो गुलाम राबत होते. ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात त्यांचा हिशेब नाही.

मेरीलँडच्या जेज्वीट धर्मगुरूंच्याही शेतमळ्यांवर गुलाम होते, बहुतेक बाप्तिस्मा घेतलेले कॅथलिक. १८३८ साली जॉर्जटाउन येथील महाविद्यालयावर कर्ज झाले असता प्रांताधिकारी फादर टॉमस मलेडी यांनी २७२ माणसे लुइझियानातील मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरांस विकण्याचा करार केला. कुटुंबे फोडू नयेत, त्यांच्या धर्माचरणाची सोय व्हावी, पैसा कर्जफेडीत घालू नये, अशा अटी रोमहून घातल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. ह्या लोकांचे काही वंशज आजही लुइझियानातील मॅरिंगुइन गावात राहतात. १८ एप्रिल २०१७ रोजी विद्यापीठाने आणि येशूसंघाने त्यांची जाहीर क्षमा मागितली, आणि मलेडींचे नाव असलेल्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव दिले. विक्रीच्या यादीतले ते पहिले नाव होते.

३ डिसेंबर १८३९ रोजी पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा कडक शब्दांत निषेध केला. चार्ल्स्टनचे बिशप जॉन इंग्लंड हे मनाने उदार. १८३५ साली त्यांनी स्वतंत्र काळ्या मुलांसाठी शाळा काढली होती आणि जमावाच्या धाकाने ती बंद करावी लागली होती. त्याच बिशपांनी आता सरकारमधील मंत्र्याला पत्रांमागून पत्रे लिहून पटविले की पोपमहाशयांनी निषेध केला तो केवळ व्यापाराचा. घरात असलेल्या गुलामांविषयी त्यांनी काही म्हटलेले नाही. ही पत्रे वाचताना राग येत नाही. फार ओळखीची वाटतात. चहूंकडून संशयाने वेढलेल्या छोट्या समाजाचा पुढारी आपल्या लोकांवर नवे बालंट येऊ नये म्हणून शब्दांची कातरकाम करीत बसला आहे. आयर्लंडमधून डॅनिएल ओकॉनेल आणि साठ हजार आयरिशांच्या सह्यांचे आवाहन १८४२ च्या आरंभी बोस्टनमध्ये वाचले गेले: अमेरिकेतील बांधवहो, गुलामगिरीविरुद्ध उभे राहा, असा त्याचा मथितार्थ. न्यूयॉर्कचे बिशप ह्यूज यांनी आधी ते खरे आहे काय अशी शंका घेतली, आणि खरे असले तरी ते नाकारावे असे सुचविले. गुलामगिरीविरोधकांत लायमन बीचरच्या जातीची माणसे आहेत, त्यांच्याशी आपण कसे हात मिळवावे, हा प्रश्न त्यामागे होता. आणि मठाची राख डोळ्यांपुढे असताना तो प्रश्न पोकळ नव्हता. आयरिश मतदार बहुतांशी जॅक्सनच्याच पक्षात राहिले, कारण तो पक्ष त्यांना दार उघडे ठेवीत होता. त्या पक्षाने सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कॅथलिक सरन्यायाधीश दिला: रॉजर टॉनी. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात काळ्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व असू शकत नाही असा निर्णय लिहिणारे हेच.

तेव्हा तिसऱ्या कारणाचे काय झाले? थोड्यांना सर्वांच्या हक्कांची कदर असते, हा तोकव्हीलचा सिद्धांत. अमेरिकन कॅथलिकांच्या पुढच्या तीस वर्षांत असे दिसले की थोड्यांना सर्वांत आधी कदर असते ती आपण सुखरूप राहण्याची. आणि सुखरूप राहण्याचा जवळचा मार्ग पुष्कळदा बहुमताच्या लहरीला हात न लावण्याचा असतो, विशेषतः ती लहर आपल्याहून दुबळ्यांवर चाललेली असेल तर. वूस्टरसारखा एखादा तुरुंगात गेला, तो त्या भूमीवरील बहुसंख्यांच्या पंथाचा होता. हे लिहिताना आम्हांस सुख होत नाही.

तोकव्हीलवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगतो. पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र काळ्या नागरिकाला कायद्याने मत होते, आणि तरी तो मतदानास येत नसे, कारण यायचे धाडस होत नसे. ही बारीकशी हकीकत त्याने एका तळटिपेत नोंदविली आहे. १८३८ साली त्या राज्याने कायद्यानेही तो हक्क काढून घेतला. ज्या लेखकाच्या तळटिपांत एवढे दिसते त्याच्या मुख्य मजकुराकडून अधिक मागावेसे वाटते, म्हणूनच आम्ही इतकी झाडाझडती घेतली. सामान्य ग्रंथाशी कोणी असा वाद घालीत नाही.

ज्यांना सबंध ग्रंथ वाचण्यास सवड नाही त्यांनी पहिल्या खंडातील तीन प्रकरणे तरी वाचावी. क्रम आमच्या मते असा ठेवावा: आधी सातवे, मग नवव्यातील कॅथलिकांविषयीची पाने, मग लागलीच, दुसऱ्या दिवसावर न टाकता, दहावे. काही इंग्रजी आवृत्त्यांत दोन्ही भागांची प्रकरणे सलग मोजलेली असतात. तेथे नवव्याचे सतरावे आणि दहाव्याचे अठरावे होते. मेम्फिसचा प्रसंग दहाव्याच्या पूर्वार्धातच आहे, शोधावा लागत नाही.